त्याच गोळ्या परत लिहून द्या

जुलैतली सकाळ. लालबागच्या दवाखान्यात छत्र्यांचं पाणी साचलेलं आणि निम्मे पेशंट खोकणारे. मावशी सुनेला घेऊन आल्या. त्या घरी पोळ्या लाटून ऑर्डरी पुरवतात. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून रिकामी स्ट्रिप काढली. लिव्होफ्लॉक्सासिन 500, एक अँटिबायोटिक.

"निमोनिया म्हणाले होते. ह्यानंच बरं वाटलं होतं, डॉक्टर. त्याच परत लिहून द्या."

ताप पाच दिवसांत उतरला आणि पंधरवड्यात पुन्हा आला. मग दुसरी स्ट्रिप, तीच तऱ्हा. स्टेथोस्कोप लावताना लक्ष गेलं ते मावशींच्या ब्लाऊजकडे: दोन्ही बाह्या सेफ्टीपिनने आत घेतलेल्या.

"कधीपासून सैल झाला?"

"होळीपासून असेल," सूनच म्हणाली.

न्यूमोनिया हे एका रोगाचं नाव नाही, हे मी रोज सांगतो. न्यूमोकॉकस या जंतूचा असेल तर अमॉक्सिसिलिन पुरतं. मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, मग भिंत पाडणारं अमॉक्सिसिलिन तिथे काय करणार? त्याला अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागतं. फ्लूमुळे झाला असेल तर ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, तेही पहिल्या दोन दिवसांत दिलं तर जास्त उपयोगी. आणि लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं. पेशंटला बरं वाटतं, निदान मात्र लांबतं. आपल्या मुंबईत तरी ही गोळी टीबीची शंका फिटल्याशिवाय लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. थुंकीची डबी हातात दिली, सकाळचा बेडका उघड्यावर, गच्चीत जाऊन काढा म्हटलं, आणि महापालिकेच्या केंद्रात सीबीनॅटला, म्हणजे थुंकीतले टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. टीबी. रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असा, एवढाच दिलासा. सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार औषधं, वजनाप्रमाणे रोज, सरकारी केंद्रातून फुकट. मी हे सगळं सांगत होतो आणि मावशी स्ट्रिप बोटांत चुरगाळत होत्या.

"मग ह्या गोळ्यांनी बरं कसं वाटलं हो?"

मी समजावलं. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. सून इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, माझी मुलगी तीन वर्षांची आहे. ती आजीच्याच कुशीत झोपते."

"उद्या सकाळी तिला घेऊन या," मी म्हटलं. "पहिला नंबर तिचा."