वाटलेल्या चुली, पेटलेल्या चुली

आमच्या संस्थेच्या निर्धूर चुलींच्या प्रकल्पाचं मूल्यमापन माझ्याकडे आलं, तेव्हा हाताशी एकच आकडा होता: किती चुली वाटल्या. देणगीदारांना मात्र त्या चुलींनी फरक काय पडला ते हवं होतं.

पहिल्या फेरीत आम्ही विचारलं, "नवी चूल वापरता का?" जवळपास प्रत्येक घरातून 'हो' आलं. दारात चूल देणारीच माणसं उभी असताना नाही कोण म्हणेल? मग प्रश्न बदलला: "ताई, काल संध्याकाळी स्वयंपाक कशावर केलात?" शिवाय काही घरांत परवानगी घेऊन जुन्या-नव्या दोन्ही चुलींना तापमान टिपणारे, बटणाएवढे सेन्सर लावले. एका घरचा आलेख अजून डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीला नव्या चुलीची सकाळ-संध्याकाळ दोन उंच टोकं, मग ती विरळ होत गेली आणि शेवटी सरळ रेघ. जुनी चूल मात्र रोज तापत होती. कारण विचारलं तर उत्तर साधं होतं, मोठं पातेलं नव्या चुलीवर बसतच नाही!

यात नवल नव्हतं. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी अशाच चुलींचा चार वर्षांपर्यंत माग काढला होता. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातून आत जाणारा धूर कमी झाला, पण पुढे देखभाल आणि वापर दोन्ही घटले आणि तो फायदा उरला नाही.

खरं डोकं खाल्लं ते एका प्रश्नाने: दिसलेल्या फरकाचं श्रेय चुलीला किती द्यायचं? चुली सगळ्यांना एकदम पुरणार नव्हत्या, म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून लावला होता. त्यामुळे ज्यांचा नंबर मागे होता, ती घरं आपोआप तुलनेला मिळाली. खोकला तिथेही कमी झालेला निघाला, कारण ऋतू बदलला होता. तेवढी घट वजा केल्यावर आमच्या वाट्याला बरंच कमी उरलं. एका सहकाऱ्याचं म्हणणं, हे अहवालात कशाला? मी ते पहिल्याच पानावर ठेवलं.

देणगीदारांना 'सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट'चा, म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे समाजाला किती रुपयांचा फायदा झाला याचा, एकच आकडा हवा होता. आरोग्याची किंमत पैशात धरताना गृहीतकं इतकी लागतात की मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी दोन टोकं दिली, गृहीतकांच्या यादीसकट. थोडी कुरकुर झाली, पण मान्य झालं. पुढच्या टप्प्यात वाटपाऐवजी सहा महिन्यांनी रोज पेटणाऱ्या चुली मोजायच्या ठरल्या, आणि चुलीचं तोंड रुंद करायचंही.