पुण्याची पहिली फेरी : कॉलेज पाहण्यापेक्षा राहण्याची सोय पाहण्यासाठी

यंदाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेरीत, मला पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात स्थापत्य शाखेची जागा मिळाली. ती माझी पहिलीच पसंती असल्यामुळे जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, झाली आणि पुढच्या फेऱ्यांची वाट पाहण्याचा प्रश्न उरला नाही. त्याच संध्याकाळपासून घरी प्रत्येक जण "आधी एकदा कॉलेज बघून या" असे सांगू लागला. आमचे गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आहे. पुण्याला जाऊन येणे म्हणजे दोन माणसांचे भाडे, खाणेपिणे आणि मुक्काम करावा लागला तर त्याचा वेगळा खर्च. त्यात हे दिवस सोयाबीनच्या फवारणीचे असल्यामुळे बाबांना शेत सोडता येत नव्हते. म्हणून या फेरीचा विचार मी आणि आईने वही घेऊन, बसून केला. आमच्या भागातल्या ज्या मुलींची नावे पुढच्या फेऱ्यांत लागतील, त्यांना तो उपयोगी पडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत आधी ठरवायचे होते ते हे, की आपण तिथे नेमके काय पाहायला जाणार आहोत. इमारती, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय पुढची चार वर्षे रोज दिसणारच आहेत. शिवाय राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. त्यामुळे आमच्यासारख्या घरात आता शिक्षणाचा खरा खर्च राहण्याचा आणि जेवणाचा उरतो. मग प्रवेशानंतरच्या पहिल्या भेटीतला बहुतेक वेळ त्याच प्रश्नाला द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कॉलेजच्या दारात फोटो काढून परत येण्यासाठी एवढे पैसे खर्च करणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. जागा हातात येण्याआधी चार गावची चार कॉलेजे पाहत फिरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांचा बराचसा खर्च अशा ठिकाणी होतो जिथे पुढे मूल जातच नाही. प्रवेशप्रक्रिया चालवणारा राज्याचा सीईटी कक्ष फेऱ्यांचे वेळापत्रक आधी जाहीर करतो आणि त्यात संस्थेत हजर राहण्याची मुदतही दिलेली असते. कागदपत्रे तपासून प्रवेश निश्चित करण्यासाठी एकदा जावे लागणारच आहे, तर भेटही त्याच फेरीत उरकावी. एवढ्या एका निर्णयाने खर्च निम्म्यावर येतो. मात्र मुदतीचा शेवटचा दिवस धरू नये, कारण एखादा दाखला कमी निघाला तर हातात वेळ राहत नाही. आणि शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी वसतिगृहाचे कार्यालय बंद असेल तर अर्धे काम राहून जाते.

प्रवासाचा हिशेब थोडा सविस्तर सांगते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व बसगाड्यांत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे बाबांऐवजी आई सोबत आली तेव्हा एसटीच्या पर्यायात आम्ही दोघी मिळून एका तिकिटाच्या पैशांत जाऊ शकत होतो. दुसरा पर्याय होता लातूरहून पुणेमार्गे मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या रेल्वेचा, ज्याच्या शयनयानाचे भाडे माणशी सुमारे २५० रुपये पडते. सवलतीमुळे दोन्हींचे भाडे जवळपास सारखेच झाले, म्हणून वेळ पाहून निवड केली : जाताना रात्रीची रेल्वे, म्हणजे पहाटे पुण्यात उतरून पूर्ण दिवस हाती येतो आणि लॉजचा खर्च वाचतो, येताना संध्याकाळची एसटी, कारण काम किती वाजता संपेल ते आधी कळत नाही आणि बसला वेळेची तेवढी अडचण नसते. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधीपासून खुले असते. वेळापत्रक हाती आल्याबरोबर अंदाजे तारखेचे तिकीट काढून ठेवावे असे मी सुचवेन. बेत बदलला आणि तिकीट पुरेसे आधी रद्द केले, तर भाड्यातली थोडीच रक्कम कापली जाते. आयत्या वेळी खासगी ट्रॅव्हल्सला द्याव्या लागणाऱ्या वाढीव भाड्यापेक्षा हे नुकसान कितीतरी कमी आहे. मुक्काम अटळच असेल, तर कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर मोठ्या स्थानकांतल्या विश्रामगृहात किंवा डॉर्मिटरीत जागा आरक्षित करता येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

पहाटे उतरल्यावर लगेच रिक्षा करू नये. महिलांच्या प्रतीक्षालयात हातपाय धुऊन, कपडे बदलून, घरची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही मेट्रो सुरू होण्याची वाट पाहिली. पुणे स्थानकाला लागूनच मेट्रोचे स्थानक आहे आणि तिथून सिव्हिल कोर्टला उतरून कॉलेजपर्यंत चालत जाता येते. एसटीने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : शिवाजीनगरचे बसस्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून रिक्षावाल्याशी बोलणी करू नयेत. दिवसभर फिरायचे असेल तर पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, दैनिक पास काढावा, म्हणजे खोल्या पाहताना प्रत्येक बसचे वेगळे तिकीट पडत नाही.

कॉलेजविषयी थोडक्यात सांगते. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था आहे, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथेच शिकले, आणि ज्या स्थापत्य शाखेने त्यांना घडवले तिथे आपले नाव लागणार आहे या विचाराने जुन्या दगडी इमारतीसमोर मला फार भरून आले. नदीकाठचा बोट क्लबही पाहिला. कागदपत्रांचे काम दुपारच्या आत झाले. त्याचे श्रेय गावाकडेच काढून ठेवलेल्या झेरॉक्सच्या तीन संचांना आणि मूळ दाखल्यांच्या वेगळ्या फायलीला आहे. कॉलेजच्या आसपास अशा दिवशी झेरॉक्सच्या दुकानात मोठी रांग असते.

त्यानंतरचा सगळा वेळ राहण्याच्या प्रश्नाला दिला. वसतिगृहाच्या जागा गुणवत्तेनुसार आणि मर्यादित असतात, म्हणून अर्ज भरला तरी दुसरा पर्याय पाहून ठेवणे भाग आहे. पुण्यात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था आहेत, त्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते आणि तिची चौकशी याच फेरीत करता येते. उरला कॉट बेसिस, म्हणजे अनेक मुलींच्या खोलीत एका कॉटपुरते भाडे देऊन राहणे. पेठांमधल्या ज्या खोल्या आम्ही पाहिल्या, त्यांतली एक कागदावर सर्वांत स्वस्त होती. आईने तिथे भाडे विचारण्याआधी मोरीतला नळ सोडून पाहिला. पाणी आले नाही, आणि ते सकाळी दीड तासच येते हे मालकीणबाईंनी त्यानंतर सांगितले. मग आईने एका बाथरूममागे मुली किती, कपाटाला स्वतःचे कुलूप लावता येते का, पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात, रात्री दार किती वाजता बंद होते आणि प्रयोगशाळेमुळे उशीर झाला तर काय, हे सगळे विचारले. यातला एकही प्रश्न मला सुचला नसता. तिथे राहणाऱ्या मुलींशी मालकीणबाई समोर नसताना बोलावे, हेही तिचेच म्हणणे. त्यातली एक उदगीरची निघाली. विजेचे बिल वेगळे विभागून द्यावे लागते आणि खोली सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापतात, हे तिने सांगितले. फोनवर ठरवलेल्या खोलीबद्दल या गोष्टी कधीच कळल्या नसत्या, आणि माझ्या मते सगळा प्रवासखर्च या एका संभाषणात वसूल झाला.

दुपारचे जेवण मुद्दाम हॉटेलात न घेता, जिचा डबा लावण्याचा विचार होता त्या मेसमध्येच एक ताट घेऊन केले. तिथे खाडा धरतात का, म्हणजे गावी गेलो तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात का, किती दिवस आधी सांगावे लागते आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, हे विचारून घ्यावे. महिन्याच्या दरात शंभर-दोनशेचा फरक दिसतो, पण वर्षाच्या हिशेबात खाड्याचा नियम जास्त महत्त्वाचा ठरतो.

निघण्याआधी दोन चौकशा राहिल्या होत्या, त्या आम्ही कार्यालयात केल्या. पहिली डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो आणि भाड्याने राहत असल्याचा लेखी पुरावा त्यासाठी लागू शकतो. म्हणून खोलीचा मालक भाडेकरार आणि पावती देणार आहे का, हे डिपॉझिट देण्याआधीच विचारावे. जो लेखी काही द्यायला तयार नाही, त्याची खोली थोडी स्वस्त असली तरी आम्ही यादीतून काढून टाकली. दुसरी चौकशी रेल्वेच्या विद्यार्थी सवलतीची. सुट्टीत मूळ गावी जाण्यासाठी ही सवलत मिळते आणि तिचा दाखला शिक्षणसंस्था देते. तो कोणत्या खिडकीवर आणि किती दिवस आधी मागायचा, हे मी वहीत लिहून आणले आहे. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत कोणत्याही खोलीचे डिपॉझिट भरायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे, आणि उदगीरच्या त्या ताईने तोपर्यंत तिच्या खोलीतली रिकामी होणारी कॉट कोणाला जाऊ नये म्हणून मालकीणबाईंशी बोलून ठेवण्याचे कबूल केले आहे.