पॉल सिमोनन आणि मोकळी सोडलेली मात्रा

मुंबईत रॉक वाजवणाऱ्यांचा ओढा पूर्वीपासून हेवी मेटलकडे अधिक असल्यामुळे पंक या साध्या, वेगवान रॉक प्रकारातील बेस गिटारला, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या गिटारला, येथे फारसा मान मिळत नाही. मूळ सूर धरावा, पिकने (तार छेडायच्या छोट्या पातीने) वरून खाली आघात करीत राहावे आणि ड्रमरची गती सोडू नये, एवढ्यात हा विषय संपतो, असे जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, भेटणाऱ्या बहुतेकांचे मत असते. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा १९७६ मधील पहिला अल्बम ऐकला तर हे मत पटतेही. मात्र त्यातील एखादे गाणे स्वतः वाजवू लागल्यावर मनगट तक्रार करू लागते. मिनिटाला १८० ठोक्यांची लय आणि प्रत्येक ठोक्याला दोन आघात धरले, तर सेकंदाला सहा आघात होतात आणि ते सर्व एकाच दिशेने व एकाच वजनाने करावे लागतात. हे कष्टाचे काम आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही अभ्यासासाठी मी निवडलेला वादक रामोन्सचा बेसवादक डी डी रामोन नसून द क्लॅश या लंडनच्या बँडचा पॉल सिमोनन आहे, आणि त्याचे कारण वेगाशी अजिबात संबंधित नाही.

सिमोननचा जन्म १९५५ चा. तो चित्रकलेचा विद्यार्थी होता आणि १९७६ मध्ये क्लॅशची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा त्याला कोणतेही वाद्य येत नव्हते. गिटारवादक मिक जोन्सने त्याला आधी गिटार शिकवण्याचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा चार तारांचा बेस त्याच्या हाती आला. कोणत्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या घरात) कोणता सूर आहे हे लक्षात राहावे म्हणून त्याने बेसच्या मानेवर सुरांची नावे रंगवली होती. ही गोष्ट बहुधा त्याची थट्टा करण्यासाठी सांगितली जाते, आणि ती थट्टा मला उथळ वाटते. ज्याच्या बोटांना काहीच येत नव्हते त्याच्या कानांना पुष्कळ काही येत होते, ही बाब तीत सुटून जाते. सिमोननच्या लहानपणाचा काही काळ दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन भागात गेला. तेथे जमैकाहून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती होती आणि स्का व रेगे हे जमैकाचे संगीतप्रकार त्याचे रोजचे ऐकणे होते. रेगेमध्ये बेस हेच गाण्याचे मुख्य अंग असते. गिटार केवळ मधूनमधून तुटक ठोका देते. म्हणजे बेस हाती येण्याआधीच बेसने गाणे कसे पेलायचे हे त्याने वर्षानुवर्षे ऐकलेले होते.

म्हणूनच त्याचा अभ्यास करायचा तर क्लॅशच्या आधी रेगेकडे जावे लागते, हे माझ्या ध्यानात आले. रेगेमध्ये ‘वन ड्रॉप’ नावाचा एक ठेका आहे. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजत नाही आणि सारे वजन तिसऱ्या मात्रेवर येते. तबल्याच्या ठेक्यांवर कान तयार झालेल्या माणसाला हा प्रकार प्रथम गोंधळात टाकतो, कारण आपल्याकडे सगळी वाटचाल समेवर येण्यासाठी असते आणि येथे नेमकी समच मोकळी सोडलेली असते. बॉब मार्ली यांच्या वेलर्स या बँडमधील अ‍ॅस्टन बॅरेट आणि स्लाय डनबर या ड्रमरसोबतचा रॉबी शेक्सपिअर या दोघा बेसवादकांना ऐकताना मी बराच काळ बेसला हातच लावला नाही. मांडीवर हाताने मात्रा मोजत फक्त ऐकत राहिले.

माझे मामा तरुणपणी लालबाग-परळ भागातल्या वाद्यवृंदांत बेस वाजवीत असत. पंक त्यांच्या आवडीचे नाही आणि ते तसे स्पष्ट सांगतात. एकदा माझा सराव ऐकून ते म्हणाले, “अगं, सूर बरोबर लागतायत तुझे, पण तू ते सोडत कधीच नाहीस. तो माणूस सूर कुठे तोडतो ते ऐक.” मी म्हटले, “मामा, तो तोडत नाही, आपोआप विरतो.” त्यावर त्यांनी माझ्या हातातला बेस घेतला, डाव्या हाताचे बोट किंचित सैल करून तोच सूर छाटून दाखवला आणि बेस परत दिला. तारेवरचा दाब सैल करायचा, परंतु बोट तारेला चिकटूनच ठेवायचे, एवढीच ती क्रिया आहे. सूर सुरू करण्याइतकाच तो संपवणेही वादकाच्या हाती असते आणि सिमोननच्या वाजवण्याचे निम्मे वळण त्यात आहे.

या दृष्टीने सर्वांत उपयोगी गाणे ‘पोलीस अँड थीव्ह्‌ज’ हे ठरले. ज्युनिअर मर्विनने गायलेले मूळ रेगे गाणे १९७६ चे असून ते ली पेरीने निर्माण केले होते. क्लॅशने ते १९७७ मधील आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतले. दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली की पंक बँडने रेगेचे काय केले, याचा प्रत्यक्ष पाठ मिळतो. मूळ गाणे तरंगत जाते. क्लॅशच्या गाण्याला कडा आहेत: एक गिटार मात्रेवर आणि दुसरी मात्रांच्या मध्ये अशी विभागणी करून त्यांनी ठेका कसून बांधला आहे. सिमोनन मात्र या कसलेल्या बांधणीतही घाई करत नाही. मी आधी मूळ गाण्याचा बेस बसवला आणि मगच क्लॅशकडे वळले. हा क्रम उलटा केला असता तर माझ्या हाती केवळ नक्कल आली असती, असे मला वाटते.

१९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’ या अल्बममधील ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ हे गाणे त्याने स्वतः लिहिले आणि स्वतःच गायले. त्याची बेसची ओळ इतकी ठळक आहे की गिटार काढून टाकली तरी गाणे ओळखू येते, आणि १९९० मध्ये नॉर्मन कुकच्या बीट्स इंटरनॅशनल या गटाने तीच ओळ वापरून केलेले गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ही ओळ बोटांना अवघड नाही. अवघड आहे ते एकच वळण गाणे संपेपर्यंत त्याच वजनाने वाजवत राहणे आणि मध्येच स्वतःची हुशारी न दाखवणे. वाजवता वाजवता त्यावर गाणे म्हणणे तर मला अजूनही साधत नाही.

एखाद्या वादकाचा अभ्यास करताना ध्वनिमुद्रणात खरोखर तोच वाजवत आहे ना, हेही तपासावे लागते. १९८० च्या ‘सँडिनिस्टा!’ या तिहेरी अल्बममधील ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ या गाण्याचा बेस अनेक जण सिमोननचा म्हणून शिकतात. तो प्रत्यक्षात ब्लॉकहेड्स या बँडच्या नॉर्मन वॉट-रॉयने वाजवलेला आहे. १९८२ च्या ‘रॉक द कॅस्बा’चा बेस तर ड्रमर टॉपर हेडनने वाजवला होता, आणि त्यातील पियानोही त्याचाच. वॉट-रॉय हा थोर वादक आहे, परंतु त्याची चपळ, भरगच्च शैली सिमोननच्या नावावर घातली की त्याच्या मोकळ्या जागा दिसेनाशा होतात.

साधनांविषयी थोडेसे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ४१ हर्ट्‌झचा असतो आणि मोबाइलचा स्पीकर तो जवळजवळ ऐकवतच नाही. त्यामुळे मोबाइलवर गाणे लावून बेस शिकणे व्यर्थ आहे. चांगले हेडफोन घ्यावेत. चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना ते शेजाऱ्यांसाठीही घ्यावे लागतात, कारण हे खालचे सूर भिंतींना जुमानत नाहीत. सिमोनन बेस जवळपास गुडघ्यापर्यंत खाली लटकवत असे. छायाचित्रात ते देखणे दिसते, परंतु त्यामुळे डावे मनगट फार वाकते आणि मी ते अनुकरण केलेले नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये तो रंगमंचावर बेस आपटत असताना पेनी स्मिथ यांनी टिपलेले छायाचित्र ‘लंडन कॉलिंग’च्या मुखपृष्ठावर आहे आणि मुंबईत ते टी-शर्टांवर सर्रास दिसते. त्या टी-शर्टवाल्यांपैकी कितींनी त्याचा बेस लक्ष देऊन ऐकला असेल, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

सध्या अंधेरीच्या एका जॅमरूममध्ये आम्ही तिघे ‘पोलीस अँड थीव्ह्‌ज’ बसवत आहोत. आमच्याकडे गिटार एकच असल्यामुळे मूळच्या दोन गिटारींची विभागणी जमत नाही. गिटारवादकाने मात्रांच्या मधला ठोका घ्यावा आणि मात्रेवरचे काम बेसने करावे, असा ड्रमरचा आग्रह आहे. तसे केले तर मला जवळपास प्रत्येक मात्रेवर वाजवावे लागेल आणि ज्या मोकळ्या जागांसाठी हे गाणे निवडले त्याच भरून जातील. त्याऐवजी मात्रेवरचा ठोका हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) घे, असे मी त्याला सुचवले आहे. त्याला ते पटलेले नाही, पण पुढच्या सरावाला दोन्ही प्रकार वाजवून पाहायचे, एवढे मात्र त्याने मान्य केले आहे.