४एल६०-ई काढून ४एल८०-ई: टर्बो लावलेल्या कॅमॅरोचा गिअरबॉक्स

माझ्या २००२ सालच्या शेव्हरोले कॅमॅरो झेड२८ गाडीतील मूळचा ४एल६०-ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्या जागी ४एल८०-ई बसवण्याचे काम या हिवाळ्यात पूर्ण झाले. गाडीतील ५.७ लिटरचे एलएस१ इंजिन कारखान्यातून ३१० अश्वशक्ती आणि सुमारे ४६० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन आले होते; टर्बो बसवल्यानंतर हा टॉर्क जवळपास दुप्पट झाला. जुना गिअरबॉक्स त्या वेळीही व्यवस्थित चालत होता, त्यामुळे चालते यंत्र का काढायचे, असा प्रश्न मिशिगनमधल्या आणि पुण्यातल्या मित्रांनीही विचारला. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे आणि प्रत्यक्ष कामात कुठे लक्ष द्यावे लागते तेही नोंदवून ठेवावे, यासाठी हा लेख लिहीत आहे.

सुरुवातीलाच सांगतो की ४एल६०-ई हा वाईट गिअरबॉक्स नाही. १९८२ साली आलेल्या ७००आर४ या गिअरबॉक्सचा तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा वारस आहे आणि हलका, आटोपशीर व इंधन वाचवणारा ऑटोमॅटिक हवा, या गरजेतून त्याची मूळ रचना जन्माला आली. नावातला ४ हा आकडा पुढच्या गिअरांची संख्या सांगतो, ‘एल’ हे अक्षर इंजिन लांबीच्या दिशेने बसवले असल्याचे सांगते, ६० हा आकडा त्याची सापेक्ष ताकद दाखवतो आणि ‘ई’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक. लाखो पिकअप आणि मोटारींमध्ये त्याने चोख काम केले आहे. माझ्या गाडीत मात्र त्याच्याकडून जे मागितले जाणार होते, ते त्याच्या रचनाकारांनी कधी गृहीतच धरलेले नव्हते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला क्लच किती टॉर्क पेलू शकतो, हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: पिस्टनने प्लेटांवर दिलेले बळ, प्लेटांचा घर्षण गुणांक, घर्षणपृष्ठांची संख्या आणि त्या पृष्ठांची सरासरी त्रिज्या. ४एल६०-ईमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या गिअरसाठी एकच क्लच संच आहे आणि तो इनपुट ड्रममध्ये इतर संचांबरोबर दाटीवाटीने बसवलेला आहे. तिथे त्रिज्या वाढवता येत नाही. प्लेटांची संख्या वाढवायची तर प्रत्येक प्लेट पातळ करावी लागते, आणि पातळ पोलादी प्लेटेला उष्णता साठवायला वस्तुमानच उरत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना तो संच क्षणभर जरी जास्त घसरला तरी त्याच्या प्लेटा करपतात आणि एकदा करपल्या की पुढची प्रत्येक घसरण आधीपेक्षा लांबते. दुसरी प्रसिद्ध कमजोरी सन शेलची. पत्रा दाबून घडवलेल्या या भांड्याच्या आकाराच्या भागाचे दाते झिजले किंवा त्याला तडा गेला, की दुसरा, चौथा आणि मागचा असे तीन गिअर एकदम जातात.

बाजारात या दोन्ही दुखण्यांवर उपाय मिळतात. जास्त प्लेटांचे संच आहेत, कडक केलेले शेल आहेत, चारऐवजी पाच पिनियनचे (छोट्या दातेरी चाकांचे) प्लॅनेटरी गिअर संचही आहेत. कुशल कारागिराने बांधलेला ४एल६०-ई बरीच ताकद पेलतो, हेही खरे. तरीही माझे मत असे झाले आहे की मूळ टॉर्कच्या दीडपटीपलीकडे गेल्यावर लहान गिअरबॉक्सवर खर्च करत राहण्यापेक्षा मुळातच मोठा गिअरबॉक्स घ्यावा, कारण महागडे भाग घालूनही ड्रमचा व्यास आणि आवरणातली जागा तेवढीच राहते.

४एल८०-ईची वंशावळ वेगळी आहे. त्याचा पूर्वज टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा १९६४च्या मॉडेलवर्षात कॅडिलॅक आणि ब्यूइक गाड्यांतून आला आणि पुढे रोल्स-रॉईसने, जॅग्वारने, इतकेच काय पण फेरारीनेही आपल्या ४०० या मॉडेलसाठी तो स्वीकारला. १९९१ साली त्या तीन गिअरच्या यंत्रणेच्या पुढच्या बाजूला ओव्हरड्राइव्हचा (इंजिनापेक्षा शाफ्ट वेगाने फिरवणाऱ्या चौथ्या गिअरचा) संच जोडून आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक करून ४एल८०-ई तयार झाला. पाऊण टन आणि एक टन वर्गातले ट्रक, मोठ्या व्हॅन, सैन्याची हमव्ही अशा ओझे वाहणाऱ्या गाड्यांसाठी तो होता. माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या इप्सिलँटी गावातल्या विलो रन कारखान्यात तो बनत असे. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात फोर्ड कंपनीने बी-२४ बॉम्बर विमाने बांधली होती. २०१० साली तिथले गिअरबॉक्सचे उत्पादन थांबले. त्या रस्त्याने जाताना मला आजही हळहळ वाटते.

या गिअरबॉक्सची जी गोष्ट मला सर्वाधिक आवडते, ती त्याच्या आकारापेक्षा दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाण्याच्या त्याच्या पद्धतीत आहे. ४एल६०-ईमध्ये त्या क्षणी दोन कामे एकाच वेळी व्हावी लागतात: दुसरा गिअर धरून ठेवणारा पट्टा सुटायला हवा आणि तिसऱ्याचा क्लच पकडायला हवा. पट्टा उशिरा सुटला तर दोन्ही यंत्रणा एकमेकींशी झगडतात. लवकर सुटला तर इंजिन मोकळे सुटून फेऱ्या उसळतात आणि त्या उसळलेल्या फेऱ्या आवरण्याचे काम नेमके त्या नाजूक ३-४ क्लचवर येऊन पडते. इंजिनाची ताकद जितकी जास्त, तितकी ही वेळ साधण्याची मुभा कमी. ४एल८०-ईमध्ये दुसऱ्या गिअरसाठी इंटरमीजिएट क्लच एका स्प्रॅगमार्फत, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या कडीमार्फत, ड्रमला धरतो. तिसऱ्यासाठी डायरेक्ट क्लच लागला की ड्रम उलट दिशेने फिरू लागतो आणि स्प्रॅग आपोआप सुटते. इंटरमीजिएट क्लच लागलेलाच राहतो. सोडण्याची वेळ जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या रचनाकारांनी हा प्रश्न संगणकाविना, केवळ यांत्रिक मांडणीने सोडवला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

या बळकटपणाची किंमत आहे आणि ती आधीच समजून घ्यावी. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा सुमारे ४० किलोंनी जड आहे. त्याचे फिरणारे ड्रमही जड असल्याने इंजिनाची थोडी अधिक ताकद त्यांना फिरवण्यातच खर्च होते. गिअरांची गुणोत्तरेही बदलतात: ४एल६०-ईचा पहिला गिअर ३.०६ आहे, तर ४एल८०-ईचा २.४८. माझ्या मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर ३.२३ असल्याने पहिल्या गिअरमधले एकूण गुणोत्तर ९.८८ वरून ८.०१ वर आले. मूळ इंजिनाच्या गाडीत हा बदल निश्चित जाणवला असता आणि गाडी सिग्नलवरून उचलताना जड वाटली असती. टर्बोच्या गाडीत मात्र पहिल्या गिअरमध्ये चाके नुसती जागेवर फिरण्याचाच त्रास असतो, त्यामुळे हा तोटा मला तोटा वाटत नाही. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधले अंतर आता कमी झाले आहे. पूर्वी मिनिटाला ६००० फेऱ्यांवर गिअर बदलला की इंजिन सुमारे ३२०० फेऱ्यांवर येत असे. आता ते ३६०० च्या आसपास येते, आणि टर्बोचा दाब टिकून राहण्याच्या दृष्टीने तेवढ्या ४०० फेऱ्यांना महत्त्व आहे.

बसवण्याच्या कामात या विशिष्ट गाडीची एक अडचण आहे, जिच्याकडे पुष्कळांचे आधी लक्ष जात नाही. चौथ्या पिढीच्या कॅमॅरो आणि फायरबर्ड गाड्यांमध्ये मागच्या अॅक्सलपासून पुढे येणारा एक लांब टॉर्क आर्म असतो. अॅक्सलला स्वतःभोवती वळू न देणे हे त्याचे काम, आणि त्याचे पुढचे टोक थेट गिअरबॉक्सच्या मागच्या आवरणाला बांधलेले असते. ४एल८०-ईला तशी जागाच नाही. त्यामुळे आर्म नव्या क्रॉसमेंबरला (गाडीच्या तळाशी आडव्या बसणाऱ्या आधाराला) बांधणारा संच घ्यावा लागतो. माझ्या मते मोठ्या ताकदीच्या गाडीत हे एरवीही करावे, कारण अॅक्सलचा सगळा पीळ अॅल्युमिनियमच्या आवरणावर सोपवणे योग्य नाही. गाडीच्या तळातल्या बोगद्याची जागाही अपुरी पडते. गिअरबॉक्सच्या आवरणाच्या उंच कडांना खडू लावून तो जॅकवर वर चढवला, पत्र्यावर जिथे पांढरे उमटले तिथे हातोड्याने पत्रा वर ठोकला आणि मोकळी फट मिळेपर्यंत हे पुन्हा पुन्हा केले. प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचा, आधीपेक्षा आखूड करून घ्यावा लागतो. त्याचा पुढचा योक, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणारे टोक, तेही बदलते, कारण जुन्या आउटपुट शाफ्टला २७ खाचा असतात आणि नव्याला ३२.

सर्वांत जास्त काळजी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, बसवताना घ्यावी. एलएस इंजिनांच्या क्रँकशाफ्टचे मागचे टोक जुन्या स्मॉल-ब्लॉक इंजिनांपेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत असते आणि ते अंतर भरून काढण्यासाठी स्पेसर लागतो. माझा गिअरबॉक्स २००१ सालच्या सहा लिटर इंजिनाच्या पिकअपमधून काढलेला असल्याने त्याच गाडीचा स्पेसर, सपाट फ्लेक्सप्लेट (क्रँकशाफ्टला कन्व्हर्टर जोडणारी पातळ चकती) आणि बोल्ट एकत्रच मिळाले. हे तिन्ही एकाच ठिकाणचे घ्यावेत असा माझा आग्रह आहे. कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये सरकवताना तो हाताने फिरवत राहावे: आधी इनपुट शाफ्टच्या खाचा बसतात, मग स्टेटरच्या, आणि शेवटी कन्व्हर्टरची मान ऑइल पंपाच्या दातांत शिरते. प्रत्येक टप्प्याला तो थोडा आत गेल्याचे हाताला स्पष्ट कळते. गिअरबॉक्स इंजिनाला जोडून आवरणाचे बोल्ट आवळल्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरायला हवा आणि तो फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढताना ३ ते ५ मिलिमीटर अंतर सरकायला हवा. हे अंतर शून्य असेल तर मान पंपावर रेटली जाते आणि इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांत पंप फुटतो. कन्व्हर्टर पुढे न ओढता केवळ बोल्टच्या जोरावर जुळवण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळावा.

इलेक्ट्रॉनिक बाजू तुलनेने सरळ निघाली. ४एल६०-ई केवळ बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या मोजतो. ४एल८०-ईला आत येणाऱ्या फेऱ्या मोजणारा आणखी एक सेन्सर आहे, आणि या दोन आकड्यांवरून संगणकाला प्रत्यक्ष गुणोत्तर काढून क्लच घसरतो आहे का ते कळते. त्या सेन्सरच्या दोन तारा नव्याने ओढल्या, मुख्य जोडणीचा प्लग बदलला आणि गाडीच्या मूळ संगणकातील गिअरबॉक्सविषयीचा भाग ट्रकच्या प्रोग्रामने बदलला. त्या काळातल्या ट्रकमध्येही तोच संगणक वापरला जात असल्याने वेगळा नियंत्रक घ्यावा लागला नाही. पुढच्या पिढीतल्या सहा गिअरच्या ६एल८०चा विचार मी याच कारणाने सोडला: त्याचा नियंत्रक गिअरबॉक्सच्या आत, तेलात बसवलेला असतो आणि जुन्या इंजिनाच्या संगणकाशी त्याचे जुळवून देणे फार खटाटोपाचे आहे.

तेलाच्या नळ्यांबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. १९९६पर्यंतच्या ४एल८०-ईमध्ये कूलरला जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही जोडण्या पुढच्या बाजूला शेजारी शेजारी असत. १९९७पासून परतीची जोडणी मागे नेली आहे, जेणेकरून थंड झालेले तेल आधी मागच्या गिअरांना आणि बेअरिंगांना मिळावे. आपला गिअरबॉक्स कोणत्या काळातला आहे हे पाहूनच नळ्या लावाव्यात, कारण उलट्या लावल्यास मागचे गिअर कोरडे पडण्याचा धोका आहे. मी रेडिएटरमधल्या मूळ कूलरखेरीज पुढे हवेवर थंड होणारा वेगळा कूलर लावला आणि तेलाच्या तापमानाचा आकडा डॅशबोर्डवर आणला. जास्त ताकदीच्या गाडीत हा आकडा डोळ्यांसमोर नसणे मला अजिबात मान्य नाही.

गिअर किती कडक बदलावेत याबद्दल लोकांचे मत बहुधा टोकाचे असते. धक्का जितका मोठा तितका गिअरबॉक्स बळकट, अशी समजूत दिसते. माझा अनुभव वेगळा आहे. क्लच दाबणाऱ्या तेलाचा दाब वाढवला, पण गिअर बदलताना क्षणभर इग्निशनची (ठिणगी पडण्याची) वेळ मागे घेऊन टॉर्क कमी करण्याची संगणकाची सोय मी बंद केली नाही, फक्त सौम्य केली. त्यामुळे क्लच लवकर आणि न घसरता पकडतो, तरी त्या आघाताचा सगळा भार शाफ्टवर पडत नाही. टर्बोच्या पूर्ण दाबाने गाडी पळवताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणे आता इतके ठाम आणि स्वच्छ होते की टॅकोमीटरचा काटा कुठेही न अडखळता थेट नव्या जागी जाऊन बसतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो: मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीच्या मूळ तपशिलात असे बदल परस्पर करता येत नाहीत, त्यामुळे तिथे असे काम ट्रॅकवरच्या गाडीपुरतेच विचारात घ्यावे.

आता या साखळीतला सर्वांत अशक्त दुवा मागचा अॅक्सल आहे. कारखान्यातून आलेला दहा बोल्टचा हा अॅक्सल, ज्याचा मोठा गिअर जेमतेम साडेसात इंच व्यासाचा आहे, मूळ ताकदीलाही फारसा पुरेसा मानला जात नाही. त्याच्या जागी फोर्डच्या नऊ इंची धर्तीचा अॅक्सल बसवायचे ठरवले आहे, आणि गुणोत्तर ३.७० च्या आसपास घेतले की पहिल्या गिअरमध्ये गमावलेला जोर बऱ्याच अंशी भरून निघेल. तोवर चिकट टायर लावून गाडी उभ्या स्थितीतून पूर्ण जोराने सोडायची नाही, एवढे पथ्य मी पाळतो आहे.