कुटुंब वेगळे असलेल्या मुलाची तपासणी

मुलांच्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीत पहिल्या भेटीत भरल्या जाणाऱ्या केसपेपरवर बहुधा आई, वडील आणि भावंडे एवढेच रकाने असतात. दत्तक मूल, एकल आईचे मूल, आईवडील ऊसतोडीला गेल्यामुळे निम्मे वर्ष आजीकडे राहणारे मूल किंवा दोन आयांचे मूल त्या रकान्यांत मावत नाही, आणि मग त्याच्या प्रत्येक तक्रारीचे मूळ रिकाम्या रकान्यातच शोधले जाते. समुपदेशक म्हणून मला ही सवय घातक वाटते.

माझ्याकडे आलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाबद्दल (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) शाळेने लिहून दिले होते की घरात वडिलांचा धाक नसल्यामुळे तो वह्या पूर्ण करत नाही. आई आणि मावशी मिळून त्याला वाढवत होत्या. दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला, तेव्हा तो प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळला, वेलांट्या गाळल्या आणि पुढचा शब्द शेजारच्या चित्राकडे बघून अंदाजाने म्हणाला. रीतसर चाचण्यांमध्ये वाचनाची अक्षमता निष्पन्न झाली. वडील घरात असते तरी ती असतीच. मात्र कुटुंबाला वाईट वाटेल या संकोचाने वडिलांचा विषयच न काढणे हीसुद्धा हेळसांड आहे, कारण मुलाच्या मनात त्यांच्याविषयी दुःख असेल तर ते कोणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

दत्तक मुलांच्या बाबतीत आपला नेहमीचा प्रश्नच इजा करू शकतो. ‘गरोदरपणात काही त्रास झाला होता का?’ हे मुलासमोर विचारले आणि त्याला दत्तकाविषयी अजून सांगितलेले नसेल, तर आईचा चेहरा मूल बरोबर वाचते. म्हणून मुलाला काय ठाऊक आहे आणि घरात ते कोणत्या शब्दांत बोलले जाते, हे पालकांना आधी एकट्याने विचारावे. मूल घरी येण्यापूर्वी संस्थेत किती काळ होते आणि सांभाळणाऱ्या व्यक्ती किती वेळा बदलल्या, ही माहितीही तितकीच मोलाची असते. दत्तक प्रक्रियेतील कागदपत्रांत तिचा काही भाग सापडतो.

समलिंगी जोडप्यांच्या मुलांविषयी मानसशास्त्रज्ञ सुसान गोलोम्बोक यांनी ब्रिटनमध्ये गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून केलेले काम आणि अमेरिकेत 1986 साली सुरू झालेला दीर्घकालीन अभ्यास यांचा रोख एकच आहे: मुलाचे मानसिक आरोग्य कुटुंबाच्या रचनेपेक्षा घरातील नात्यांच्या गुणवत्तेवर अधिक अवलंबून असते. अमेरिकेतील अभ्यासात ज्या मुलांना कुटुंबावरून हिणवले गेले, त्यांच्यात वर्तनाच्या अडचणी अधिक आढळल्या. त्यामुळे शाळेत त्याला कोण काय म्हणते आणि तेव्हा ते काय उत्तर देते, हे प्रत्येक मुलाला विचारलेच पाहिजे.

आपल्याकडे कायद्याची अडचण वेगळीच आहे. अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देता पालकत्व मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही आणि अशा जोडप्याने एकत्र दत्तक घेण्याचा मार्गही बंदच राहिला. परिणामी रोज मुलाला झोपवणारी दुसरी आई कायद्याच्या दृष्टीने कोणीच नसते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत त्याच्या वतीने बोलणारी व्यक्ती) सर्वसाधारणपणे त्याचा कायदेशीर पालकच असतो. मात्र मुलाला दाखल करावे लागल्यास या प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या सोबतीच्या व्यक्तीने पूर्ण वेळ त्याच्याजवळ थांबावे, असेही तोच कायदा सांगतो. म्हणून दुसऱ्या आईला सोबती म्हणून नेमल्याचे आणि तिला माहिती देण्यास संमती असल्याचे पत्र मी कायदेशीर पालकाकडून पहिल्याच आठवड्यात, सगळे ठीक असतानाच, लिहून घेते आणि केसपेपरला जोडते. ऊसतोडीच्या हंगामात नातवंडे सांभाळणाऱ्या आजीसाठीही आईवडील गावाहून निघण्यापूर्वी असेच पत्र घ्यावे लागते, कारण ते परतेपर्यंत मुलाची झोप, जेवण आणि औषध यांची माहिती केवळ तिच्याकडेच असते.