ब्रिस्टलचा मेयर जॉन व्हिट्सन आणि त्याच्या चाळीस मुली

ब्रिस्टलला जाणार म्हटलं की सगळे सांगतात क्लिफ्टनचा झुलता पूल बघ, ग्रेट ब्रिटन जहाज बघ, बँक्सीची चित्रं शोध. ते सगळं बघण्यासारखं आहेच, पण मी गेले होते जॉन व्हिट्सनसाठी. इंग्लंडचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो राजा, राणी आणि लंडन यांचा, आणि मला कधीपासून वाटत होतं की त्या काळात लंडनबाहेरची मोठी शहरं कोण चालवत होतं ते जागेवर जाऊन बघावं. स्टुअर्ट घराण्याच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिस्टल चालवणाऱ्यांत हा माणूस अगदी पुढे होता, दोनदा मेयर, शिवाय पार्लमेंटचा मेंबर, आणि आज ब्रिस्टलबाहेर त्याचं नावही कोणाला माहीत नाही.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रेन पकडली की पावणेदोन तासांच्या आसपास टेंपल मीड्स स्टेशन येतं, तिथून चालत ब्रिस्टल ब्रिज. पुलाच्या टोकाशीच सेंट निकोलस चर्च आहे. वरचं चर्च अठराव्या शतकात नव्याने बांधलेलं, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळलेलं आणि परत उभं केलेलं, पण खालचं तळघर मध्ययुगीन आहे आणि व्हिट्सनला पुरलंय ते तिथे. पुलावर उभं राहून पाणी बघताना एक लक्षात ठेवा, आज दिसतं ते पाणी स्थिर आहे कारण १८०९ मध्ये बंदराला दरवाजे बसवले, व्हिट्सनच्या काळी ओहोटी लागली की जहाजं सरळ चिखलात बसायची आणि भरतीची वाट बघत राहायची. अशा बंदरातून हे लोक स्पेन आणि फ्रान्सशी व्यापार करत होते!

व्हिट्सन मूळचा ब्रिस्टलचा नव्हेच. फॉरेस्ट ऑफ डीनमधल्या क्लिअरवेल गावचा पोरगा, ब्रिस्टलला येऊन एका वाइनच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला, मालक वारला, पुढे मालकाच्या विधवेशीच लग्न झालं आणि धंदा हातात आला. नंतर अजून लग्नं झाली, मुली झाल्या पण त्या त्याच्या आधीच गेल्या, मागे मूलबाळ राहिलं नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे.

पुलावरून वर चढलं की कॉर्न स्ट्रीट. इथे एक्स्चेंजच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या बाजाराच्या इमारतीसमोर ब्राँझचे चार खांब आहेत, त्यांना नेल्स म्हणजे खिळे म्हणतात. साधारण कमरेएवढे उंच, वर ताटासारखा सपाट भाग आणि कडेला उचललेली किनार, पैसे मोजताना नाणं घरंगळून खाली पडू नये म्हणून. व्यापारी याच्यावर सौदे करायचे. एकावर १५९४ साल आहे, एकावर १६२५, म्हणजे व्हिट्सन जिवंत असतानाचे (तेव्हा ते जवळच टोल्झीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सौद्यांच्या जुन्या जागेत होते, इथे नंतर आणले). मी त्या किनारीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी होते, लोक कॉफी घेऊन बाजूने जात होते. मागे एक्स्चेंजचं घड्याळ, त्याला दोन मिनिटकाटे, एक लंडनच्या वेळेचा आणि एक ब्रिस्टलच्या वेळेचा, साधारण दहा मिनिटं मागे. घड्याळ खूप नंतरचं आहे पण या शहराचा स्वभाव त्यात पूर्ण दिसतो.

कारण व्हिट्सनचं पार्लमेंटमधलं काम म्हणजे हेच होतं, लंडनसमोर ब्रिस्टलची बाजू लावून धरणं. राजाचे अधिकारी बंदरात आलेली वाइन आणि किराणा राजवाड्यासाठी स्वतः ठरवलेल्या भावात उचलायचे, त्यावर इथले व्यापारी प्रचंड चिडलेले होते आणि तो राग पार्लमेंटपर्यंत नेणाऱ्यांत हा होता. जेम्स राजाच्या पहिल्या पार्लमेंटात तो होता, मग १६२१, १६२५ आणि १६२६ मध्ये परत. १६२१ ला त्याच्या जोडीला ब्रिस्टलचा दुसरा मेंबर होता जॉन गाय, तोही माजी मेयर, ज्याने १६१० मध्ये न्यूफाउंडलंडला वसाहत केली होती. मात्र हे काही आजच्या अर्थाने लोकांचं राज्य नव्हतं, शहराची कौन्सिल आपले मेंबर आपणच निवडायची आणि ते सगळे पैसेवाले व्यापारी, एकमेकांचे सोयरेधायरे.

जवळच सेंट स्टीफन्स चर्च आहे, तिथे मार्टिन प्रिंगचं स्मारक नक्की बघा. १६०३ मध्ये ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून दोन जहाजं अमेरिकेला पाठवली, प्रिंग त्यांचा कॅप्टन, आणि त्याने तिथल्या एका उपसागराला व्हिट्सनचं नाव दिलं. एलिझाबेथ राणी वारली, जेम्स आला आणि व्हिट्सन पहिल्यांदा मेयर झाला तेही याच १६०३ मध्ये, शहरात प्लेग होता तेव्हा. हाच प्रिंग पुढे ईस्ट इंडिया कंपनीत गेला आणि १६१७ ला कंपनीचा ताफा घेऊन सुरतेला आला. सुरत! म्हणजे ब्रिस्टलच्या या गल्लीतल्या लोकांचे धागे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच आपल्या बाजूला पोचले होते, मला तर तिथे उभं राहून अंगावर काटा आला.

नोव्हेंबर १६२६ मध्ये एका माणसाने व्हिट्सनच्या चेहऱ्यावर चाकू मारला. तो वाचला, आणि जीव वाचला म्हणून दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन व्हावं यासाठी त्याने पैसे ठेवले. शेवटी गेला तो १६२९ मध्ये, घोड्यावरून पडून.

आणि आता त्याचं मृत्युपत्र, ज्यासाठी मी मुळात त्याच्या मागे लागले. १६२७ च्या त्या मृत्युपत्रात लिहिलंय की चाळीस गरीब मुलींसाठी एक घर करा, ज्यांचे वडील या शहराचे नागरिक होते पण वारले किंवा डबघाईला आले अशा मुली, सांभाळायला एक गंभीर, कष्टाळू, शालीन बाई ठेवा, मुलींना इंग्रजी वाचायला आणि शिवण शिकवा, आणि लाल कापडाचे कपडे घाला. १६३४ मध्ये ते घर सुरू झालं आणि मुलींचं नाव पडलं रेड मेड्स, म्हणजे लाल कपड्यांतल्या मुली. लिहायला शिकवा असं त्यात नाही, फक्त वाचायला, आणि हे मला खटकतंच. पण मुलीला वाचता यावं यासाठी जमिनींचं उत्पन्न कायमचं लावून देणं त्या काळात किती जणांनी केलं? ती शाळा अजून चालू आहे, इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या मुलींच्या शाळांत तिचं नाव घेतात. १९११ ला ती वेस्टबरी-ऑन-ट्रिमला गेली, आता रेडमेड्स हाय म्हणतात.

जुनी जागा डेन्मार्क स्ट्रीटला, कॉलेज ग्रीनच्या अगदी बाजूला. आता तिथे बघायला काही नाही, पण कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे, ते १८३३ मध्ये ब्रिस्टललाच वारले. आपल्याकडचे बरेच जण तेवढ्यासाठी येतात. आलात तर ही चार पावलं जास्तीची चाला. आणि जमलं तर नोव्हेंबरात या, शाळेच्या मुली तेव्हा लाल कपड्यांत संस्थापकाच्या दिवसासाठी शहरातून चालत कॅथेड्रलला जातात. सेंट निकोलसचं तळघर मात्र रोज उघडं नसतं, आधी चौकशी करून जा.