सोमवारच्या मॅचला कोण येणार?

शनिवारी संध्याकाळी पाचला इंग्लंडच्या प्रीमियर लीगची फुटबॉल मॅच असली की आमच्या ग्रुपमध्ये सगळे खूश, कारण जागरण नाही, चहा पीत बघता येते. पण तिकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, न्यूकॅसलहून लंडनला मॅचला निघालेला माणूस पहाटे घर सोडतो, आणि तीच मॅच सोमवारी रात्री आठला ठेवली तर ती संपेपर्यंत त्याची घरची शेवटची ट्रेन गेलेली असते. यावरून परवा अंधेरीला माझं आणि मित्राचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, पैसा टीव्हीचा, मग वेळ पण टीव्हीच ठरवणार, आणि आपण तर टीव्हीवालेच ना, आपल्याला काय त्रास? मला हे अजिबात पटत नाही. आपणही मैदानात जातोच की.

२०२३ चा सप्टेंबर आठवा. आपला फुटबॉल क्लब मुंबई सिटी एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, पण होम मॅच कुठे, तर पुण्यात बालेवाडीला. अंधेरीचं आपलं स्टेडियम छोटं, एएफसीच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेच्या नियमात बसत नव्हतं, ते समजू शकतो. पण तारीख? इराणच्या नस्साजी क्लबविरुद्ध १८ सप्टेंबर, सोमवार, आणि १९ ला गणेश चतुर्थी! मूर्ती आणायची, मखर अर्धवट, ऑफिसात सुट्टीसाठी आधीच घासाघीस झालेली, अशात मुंबईचा माणूस संध्याकाळी पुण्यात कसा पोचणार आणि रात्री परत कसा येणार? मी नाही जाऊ शकलो. जे गेले त्यांना माझा मनापासून सलाम, २-० ने हरताना बघून ते रात्रीच्या रात्री एक्सप्रेसवेने परत आले.

आणि त्याच चतुर्थीला चीनमध्ये हांगझोऊला भारताची टीम एशियन गेम्सची पहिली मॅच चीनशी खेळली. आदल्या दिवशी पोचलेली, धड प्रॅक्टिस नाही, बेंचवर मोजकीच पोरं. ५-१ ने हरलो. राहुल केपीने मारलेला तो एक गोल सोडला तर बघवत नव्हतं. का झालं असं? एशियन गेम्स फिफाच्या विंडोमध्ये, म्हणजे देशांच्या मॅचसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत येत नाहीत, त्यामुळे क्लबवर खेळाडू सोडायची सक्ती नाही, आणि आपली देशातली लीग, आयएसएल, सुरू होणार होती २१ सप्टेंबरला. तेव्हा सगळ्यांनी क्लबना शिव्या घातल्या, देशापेक्षा क्लब मोठा झाला का वगैरे. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, क्लबने ज्यांना पगार दिलाय ते खेळाडू लीगच्या तोंडावर तो कसा सोडेल? प्रश्न लीग त्याच आठवड्यात सुरू करणाऱ्यांना विचारायला हवा होता. एशियन गेम्सच्या तारखा काय अचानक कळल्या होत्या का!

विंडोमध्ये सुद्धा खेळाडूंचे हाल आहेतच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमार ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना गुडघ्यातून गेला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा सौदी क्लब अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला डी वाय पाटीलला आला तो त्याच्याशिवाय. नेमार बघायला मिळणार म्हणून नेरुळला जायचे प्लॅन केलेली किती पोरं हिरमुसली होती. दुखापत कुणाच्या हातात नसते, पण मंगळवारी रात्री दक्षिण अमेरिकेत खेळलेल्या माणसाला शनिवारी दुपारी साडेबाराला इंग्लंडमध्ये उभं करणं, हे तर कुणीतरी ठरवून करतं ना?

मित्र म्हणतो, ओरडून काही होत नाही. होतं रे! जर्मनीत सोमवारच्या मॅचविरुद्ध फॅन्स भिडले, फ्रँकफर्टला २०१८ मध्ये मैदानात टेनिस बॉल फेकले, डॉर्टमुंडला हजारो लोक मुद्दाम आलेच नाहीत, आणि २०२१-२२ पासून त्यांच्या लीगमधून, बुंडेसलीगामधून, सोमवार गेला. लिव्हरपूलमध्ये ७७ पाउंडांच्या तिकिटावर २०१६ मध्ये लोक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले, मालकांनी काही दिवसांत निर्णय फिरवला.

आपल्याकडे तर जुलै २०२५ मध्ये आयएसएलच थांबवली होती, तेव्हा वेळापत्रकावर भांडणं म्हणजे चैन वाटते काही जणांना. मला नाही वाटत. वर्किंग डेला साडेसातची मॅच म्हणजे डोंबिवली, विरार, पनवेलवाल्याने ऑफिसमधून लवकर निघायचं आणि रात्री उशिराच्या लोकलने घरी जायचं, मग स्टँड रिकामे दिसले की हेच लोक म्हणणार मुंबईत फुटबॉल चालत नाही. पुढचं कॅलेंडर येईल तेव्हा त्यात सणांच्या आदल्या दिवशीच्या होम मॅच असतील तर अंधेरीत पहिल्या हाफला कुणी गायचं नाही, ढोल खाली ठेवायचे आणि फक्त बॅनर धरायचा, असं मी सुचवलंय. मित्र अजून नाही म्हणतोय. दोघंतिघं तयार आहेत, बॅनरचं कापड मी आणतो.